नुसता वारा

आई : हीसुद्धा फुसकी निघाली! काका, चार बासऱ्या झाल्या आणि चारींतून नुसता वारा!

दुकानदार : ताई, बासरीत वाराच घालायचा असतो. सूर वाजवणाऱ्यानं काढायचा.

आई : ती वाजवते हो! वर्षभर शाळेच्या बासरीवर वाजवत होती. कुकरची शिट्टी कुठली आणि हिची कुठली, मला घरात कळायचं नाही.

लेक : आई, राहू दे ना. घरी जाऊ.

आई : घरी काय जाऊ? शाळेची बासरी परत गेली, परवा बँडची निवड. लाटणं घेऊन उभी राहणार आहेस?

दुकानदार : लाटणं स्वस्त पडेल.

आई : करा, थट्टा करा तुम्ही. धाकट्याला शेजारी ठेवून आलेय मी. एव्हाना त्यानं त्यांचं घर डोक्यावर घेतलं असेल. ती दाखवा, कोपऱ्यातली.

दुकानदार : शिकणाऱ्यांसाठी हीच सगळ्यात हलकी. भोकांवरच्या धातूच्या चाव्याही मऊ आहेत. घे बाळा. ओठ जरा पुढे... खांदे कशाला चढवतेस? हं, पुन्हा.

लेक : येत नाहीये.

दुकानदार : पुन्हा.

लेक : नाही येत म्हटलं ना!

आई : अगं, नीट फुंक की! चहा निववल्यासारखी काय फुंकतेस?

लेक : तू फुंक मग!

आई : आण इकडे. बघतेच हिला काय रोग झालाय.

(पहिल्याच फुंकरीला लांब, स्वच्छ सूर.)

आई : ...अगोबाई.

लेक : बघ. बासरी चांगली आहे.

आई : चुकून आला गं तो! मला कुठलं येतंय? बाटलीवर फुंकतात तशी फुंकले.

लेक : मला आता बाटलीवरही येत नाही. दातांना तारा बसवल्यापासून. ओठ पुढे नेला की आतून टोचतं, आणि सगळी हवा भलतीकडेच जाते.

आई : तारांमुळे? मग इतके दिवस तोंडात काय गुळणी धरली होतीस?

लेक : तू किती खूश होतीस. म्हणालीस, आता हसताना तोंडावर हात धरायला नको. आरशासमोर हसायलासुद्धा लावलंस मला.

आई : म्हणून गप्प बसलीस? आणि मी मेली इथे काकांच्या बासऱ्यांना नावं ठेवतेय!

दुकानदार : माझं जाऊ द्या. अशी मुलं येतात आमच्याकडे. ओठांना सवय झाली की सूर परत येतो. पण परवापर्यंत म्हणाल, तर अवघड आहे.

आई : डॉक्टरांना विचारू का? तेवढ्यापुरत्या काढून ठेवता येत असतील.

लेक : चष्मा आहे का तो, काढून ठेवायला?

आई : मग तुझ्या बाईंशी मी बोलते.

लेक : तू नको. मी सांगेन. नाही घेतलं तर नाही घेतलं. रडेन थोडी.

आई : तुझं थोडं मला माहीत नाही होय? ...बरं, मग बासरी नंतर घेऊ या?

लेक : नाही, हीच घेऊ. हिच्या चाव्यांवर माझी करंगळीसुद्धा पोचते.

दुकानदार : बांधू मग?

लेक : थांबा काका. आई, पुन्हा एकदा वाजव ना.

आई : मी? आता नाही यायचा तो.

लेक : येईल. माझी कशी वाजणार आहे, ते ऐकू दे मला.