निळ्या ड्रेसची कंबर

ताई: बस, आता बंदच करते हे. पट्टा थांबवा.

शिंपी: बटण तुझ्याच हाताशी आहे की.

ताई: दिसतंय मला. दम लागलाय म्हणून म्हणते. हं, थांबला. घाम पुसायला काहीतरी द्या. ते नको, ते गिऱ्हाइकाचं अस्तर आहे.

शिंपी: घे, तुझाच टॉवेल. रोज चालतेस, आज काय झालं?

ताई: रोज चालते म्हणून तर. संध्याकाळी कालव्याच्या कडेने, सकाळी तुमच्या दुकानात या ट्रेडमिलवर. गोड सोडलं, तळलेलं सोडलं. आणि आज निळा ड्रेस घातला, तर कंबरेला होता तस्सा. चेन लावताना श्वास ओढून धरावा लागला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शिंपी: असतं एकेकाचं शरीर.

ताई: एकेकाचं असू दे, माझं असून चालायचं नाही. वजन उतरल्याशिवाय डॉक्टर माझी किडनी घेणार नाहीत. आणि माझा भाऊ तिकडे एक दिवसाआड डायलिसिसला हात पुढे करून पडतोय.

शिंपी: औषधाच्या दुकानातला काटा काय म्हणतो?

ताई: तो म्हणतो, पुष्कळ उतरलं. त्या काट्यावर तो माणूस खोकी रचून ठेवतो, त्याचं काय ऐकायचं? कपडा खोटं बोलत नाही, हे लग्न झाल्यापासून तुमच्याच तोंडून ऐकतेय.

शिंपी: म्हणतो खरं मी तसं.

ताई: मग झालं तर. आज दुपारपर्यंत हॉस्पिटलला कळवायचंय. सांगून टाकते, नाही जमलं. माझं नाव काढा आणि त्याला दुसऱ्या कुणाच्या किडनीची वाट बघणाऱ्यांत टाका. तो कधी येणार म्हणाला?

धाकटा: आलोय. पायरीवर बसलो होतो जरा. एका दमात चढवत नाही हल्ली.

ताई: अरे, हाक मारायची नाही का? ये, इथे बस. त्या खुर्चीवर नको, तिथे टाचण्या असतात.

धाकटा: काय नाही जमलं म्हणत होतीस?

ताई: तुझ्यासाठी वजन उतरवणं. मला माफ कर बाबा. जीव तोडून चालले. हे यंत्र सांगतं, मी एव्हाना पायी दुसऱ्या गावाला पोचले असते. ड्रेस सांगतो, मी इथून हललेच नाही.

धाकटा: ताई, आरशात बघतेस की नाही? गाल बसलेत तुझे.

ताई: ते रडून.

धाकटा: आणि हे घड्याळ? कोपराकडे सरकतंय.

ताई: तेच तर मला उमगत नाही. घड्याळ सरकतं. साबण लावूनसुद्धा निघायची नाही ती अंगठी आता भांडी घासताना गळून पडते. खांदे उतरतात या ड्रेसचे. आणि कंबर तेवढी जागची हलत नाही. माणूस हातापायांनी वाळतो आणि कंबरेने वाळत नाही, असं असतं का रे कुठे? मला वेड लागायची पाळी आलीय.

धाकटा: भाऊजी, ती विचारतेय.

शिंपी: काय?

धाकटा: तुम्ही मी आल्यापासून त्या एकाच सुईत दोरा ओवताय.

शिंपी: शिलाई घेतलीय मी.

ताई: कशाची?

शिंपी: निळ्या ड्रेसची. दोन्ही बाजूंनी. इस्त्री करताना दिसायचं, कंबरेत ढगळ होतोय. हात शिवशिवायचे. ढगळ कपडा माझ्या हातून कधी खुंटीवर गेलेला नाही, तुला माहितीये. उसवायचो, थोडा आत घ्यायचो, टीप मारायचो.

ताई: म्हणजे मी जेवढी उतरायची, तेवढा तुम्ही तो आवळायचात?

शिंपी: तेवढाच. जास्त नाही.

ताई: जास्त नाही, म्हणे. अरे देवा. म्हणजे मी बारीक झालेय?

धाकटा: मी मघापासून काय सांगतोय?

ताई: आणि मी वेड्यासारखी पोट धरून आरशापुढे उभी. हसू का रडू, तेच कळेना. या माणसाला कपड्यापुढे बायको दिसत नाही, आधीपासूनच.

धाकटा: थांब ताई. भाऊजी, ही रोज ड्रेस ड्रेस करून रडत होती. तेव्हा नाही का सांगायचं?

शिंपी: पहिल्यांदा खरंच हात गेला. सवयीने. शपथ घेऊन सांगतो.

धाकटा: आणि नंतर?

शिंपी: नंतर ती म्हणाली, कंबर तशीच आहे. मी बोलणारच होतो. तोंड उघडलंसुद्धा. मग वाटलं, उद्या सांगू. उद्या परत ड्रेस इस्त्रीला आला.

ताई: आणि तुम्ही परत आत घेतलात. मुद्दाम?

शिंपी: मला नाही सांगता येत. मुद्दाम म्हणावं, तर हात आपोआप जात होता. आपोआप म्हणावं, तर तू झोपायला गेलीस की मी मशीनवर बसायचो. ऑपरेशनच्या टेबलावर पडलेलं माणूस परत उठतंच असं नाही ना.

धाकटा: भाऊजी...

शिंपी: तू बोलू नकोस. तुझ्या तोंडाकडे बघितलं की मला माझीच लाज वाटते. तू जगावास असं मला वाटतं रे. मनापासून वाटतं. फक्त हिला कापून नको. आता हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते मला शिवता येत नाही.

धाकटा: मलाही येत नाही. ताई नाही म्हणाली असती, तर मी हुश्श केलं असतं. आणि घरी जाऊन मुलीला जवळ घेऊन रडलो असतो. म्हणून तर पायरीवर बसलो होतो. आत यावं की तसंच परत जावं, तेच ठरत नव्हतं.

ताई: झालं तुमचं? आता माझं ऐका. ड्रेस घट्ट लागला की मी रडायचे. खरी रडायचे, नाटक नव्हतं. पण रडून झालं ना, की अशी गाढ झोप लागायची, सकाळपर्यंत कूस बदलायची नाही मी. ज्या दिवशी अंगठी गळाली, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हे असं का, मी कुणाला विचारायचं?



धाकटा: ताई, नको करूस. मी कायमचा रागावणार नाही.

ताई: मी रागावेन स्वतःवर. त्याचं काय करू? माझा फोन कुठाय?

शिंपी: कापडाखाली. थांब, देतो. अगं, पण विचार करून...

ताई: विचार करूनच हे सगळं झालंय. द्या इकडे.

धाकटा: भीती वाटतेय का तुला?

ताई: वाटतेय. माझ्या जवळ बसा दोघं आणि बोलू नका. ... हॅलो? हो, मीच. वजन उतरलंय.