गारठ्याची झोफिया

(पोलंडमध्ये सुवाल्कीजवळचं खेडं, एप्रिलची अखेर. झोफिया खिडकीशी अंथरुणात. धाकटी बहीण तेओफिला दह्याच्या रिकाम्या डब्यातल्या रोपाला पाणी घालते आहे.)

झोफिया : ...म्हणून म्हणते, आजच लाव बाहेर. ऊन आहे.

तेओफिला : उन्हाचं काय सांगतेस ताई! पहाटे बादलीतलं पाणी गोठलं होतं. मांजरपुदिन्याचं कोवळं रोप ते, एका रात्रीत काळं पडेल.

झोफिया : बादली पालथी घाल वर.

तेओफिला : रोज रात्री? आई काय म्हणायची? मे महिन्यातले बारा, तेरा, चौदा, सणाला थंडी घेऊन येणारे तिघे गारठ्याचे संत जाऊ देत. पंधराला त्यांच्यातली शेवटची, गारठ्याची संत झोफिया जाऊ दे. मगच मातीला हात लावा.

झोफिया : म्हणायची मला टोचायला! त्याच दिवशी जन्मले, नाव तेच पडलं, नि तिच्या काकड्या गारठून गेल्या. मरेपर्यंत ऐकवलंन.

तेओफिला : मग सोळाला लावू. दोघी मिळून.

झोफिया : डॉक्टर स्वयंपाकघरात काय म्हणाला तुला?

तेओफिला : काही नाही. कोंबडीचं सूप पाज म्हणाला.

झोफिया : तेओ, माझे पाय गेलेत, कान नाही. आठवडा म्हणाला तो.

तेओफिला : त्याला काय कळतंय डोंबल!

झोफिया : मला काळजी गात्सेकची आहे. हे गेले तेव्हा चार दिवस तो बोका मोठ्या रस्त्यावर वाट बघत बसला. ट्रकखाली जायचा वाचला. दाराशी मांजरपुदिना असला की तिथंच लोळत पडेल.

तेओफिला : मी आहे ना त्याला बघायला.

झोफिया : तुला बोचकारतो तो.

तेओफिला : बोचकारू दे.

झोफिया : मग लाव की आज! एवढा हट्ट कशाला?

तेओफिला : कारण एकदा ते लावलं की तू निश्चिंत होशील. आणि निश्चिंत झालीस की जाशील. मला भीती वाटते, ताई.

झोफिया : वेडी कुठली. ये इकडे. हात बघ केवढे गार पडलेत.

तेओफिला : सोळापर्यंत थांब. एवढंच मागते.

झोफिया : ते का माझ्या हातात आहे? ...बरं. राहू दे रोप खिडकीत. आईचंच खरं.

तेओफिला : म्हणजे?

झोफिया : झोफिया गेल्यावर लाव.