डोक्यावर माती

बालातोन तळ्याकाठच्या मठाबाहेर आम्ही जमिनीच्या निवाड्यासाठी ताटकळत होतो. सरदार मात्र थेट आत गेला. माझ्यापुढे त्याच सरदाराशी वाद असलेली विधवा ओर्शोया आणि तिचा म्हातारा शेजारी चेपान.

"काका, त्याने शिक्क्याचं चर्मपत्र आणलंय. माझं कुरण राजाने त्याच्या आजोबाला दिलं म्हणे."

"आजोबाने कुरण पाहिलं तरी होतं का? मी जुन्या रिवाजाप्रमाणे अनवाणी उभा राहीन, कुरणातून आणलेली माती डोक्यावर घेऊन शपथ घेईन."

"शिक्क्यापुढे शपथ चालत नाही, पाद्री म्हणाले."

"तरी घेणार."

"खोटारडा म्हणून लिहून ठेवतील तुम्हाला, कायमचं!"

"लिहू देत की. पण पोरी, खोटं काय बोललो तेही लिहावं लागेल. कुरण ओर्शोयाचं आहे, असं."

ओर्शोया खाली बसली आणि त्याच्या जोड्यांचे बंद सोडू लागली.