दळवीकाकांचं स्वतःचं मशीन

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. काकू, तुम्हालाही.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले होते. रडू येईल म्हणून नव्हे. ते येईलच, तेव्हा सांभाळून घ्या. पण दळवीकाकांबद्दल नेमकं काय बोलायचं, हेच माझं ठरत नाहीये. अशा सभेत माणूस चार चांगले शब्द घेऊन उभा राहतो. मी एक प्रश्न घेऊन उभी आहे, आणि ज्यांना तो विचारायचा ते त्या फोटोत आहेत.

मी ज्योती साळवी. अंबरनाथ पूर्वेला माझा टायपिंगचा क्लास आहे. आठ टाइपरायटर, दोन कॉम्प्युटर. दळवीकाका कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झाले आणि थेट माझ्या क्लासला आले, कॉम्प्युटर शिकायला. माझ्या पोरांच्या मधोमध बसायचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं लावून. सहा महिन्यांत अशी वेळ आली की अडलं की मीच त्यांना विचारायची.

एकदा माझं मशीन फार हळू झालं. एक फाइल उघडेपर्यंत पोरं खाली जाऊन वडापाव खाऊन यायची. काका म्हणाले, डीफ्रॅग करावं लागेल. मी म्हटलं, म्हणजे काय? त्यांनी लगेच स्टोअरचा दाखला काढला. म्हणाले, समज, एकाच मापाचे बोल्ट आले. एका रॅकमध्ये जागा नाही, म्हणून थोडे इथे, थोडे तिथे, असे सात रॅकमध्ये ठेवले. माल सगळा आहे, हरवलं काहीच नाही. पण कोणी मागायला आला की सात रॅक फिरा. हार्ड डिस्कचं तसंच होतं. एका फाइलचे तुकडे सगळीकडे पडतात. ते उचलून एका ओळीत लावायचे, की मशीन धावायला लागतं.

तेव्हा मला कळलं होतं. आता कोणी विचारलं तर पुन्हा थोडा गोंधळच होईल.

तर हे काम काका करायचे शुक्रवारी. शुक्रवारच का, ते बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगते. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी व्होल्टेज सरळ राहतं. आणि तुकडे हलवताना मधेच लाईट गेली तर अर्धवट उचललेली फाइल गेलीच म्हणून समज, असं काकांचं म्हणणं. म्हणून एका शुक्रवारी माझ्याकडे, पुढच्या शुक्रवारी उल्हासनगरला मोटवानीशेठच्या कापडाच्या दुकानात, त्यानंतरच्या शुक्रवारी बदलापूरला डॉक्टरांच्या दवाखान्यात. सकाळी साडेदहाला हजर.

पण माझ्या क्लासच्या खाली पिठाची गिरणी. कारखान्याला सुट्टी, म्हणजे सगळी आळी दळण घेऊन शुक्रवारीच यायची. गिरणी सुरू झाली की माझा मॉनिटर थरथरायचा. काका खाली गेले, गिरणीवाल्याशी काय बोलले देव जाणे, पण महिन्यातून एका शुक्रवारी दोन तास गिरणी बंद राहू लागली. ओळीतल्या बायका काकांच्या नावाने बोटं मोडायच्या. त्यात डबा घेतलेली माझी आईही असायची.

आणि वर काका बसून. पडद्यावर छोटे छोटे चौकोन हलतायत, टक्के वाढतायत, आणि हा माणूस खुर्ची सोडत नाही. चहा तिथेच, पाणी तिथेच. एकदा मला सर्टिफिकेटं छापायची होती, पोरं दारात उभी. मी वैतागून म्हटलं, काका, राहू द्या आता, बंद करा, मला मशीन हवंय. त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, "ज्योती, चाळीस टक्क्यांवर उठायचं नसतं. एकतर बसायचंच नाही, नाहीतर शंभर होईपर्यंत बसायचं."

मी चिडले. त्या दिवशी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पुढच्या महिन्यात आले परत, साडेदहाला.

गेल्या आठवड्यात काकूंचा निरोप आला. पेन्शनच्या अर्जाची प्रत मशीनमध्ये आहे, तेवढी काढून दे. मी रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला आले. चार वर्षांत त्यांच्या घरी पहिल्यांदा. मशीन चालू केलं. अर्ज उघडेपर्यंत काकूंचा चहा करून झाला आणि माझा पिऊन झाला. डिस्क आतून करकरत होती. मी डीफ्रॅग उघडलं, नुसतं बघायला. मंडळी, पडद्यावर एक ओळ सरळ नव्हती. सात रॅक कसले, सत्तर असतील.

शेजारी त्यांची वही होती. प्रत्येक मशीनला एक पान. माझं पान दोन्ही बाजूंनी भरलेलं. कुठला शुक्रवार, किती वेळ लागला, आणि शेवटी शंभर. मोटवानीशेठचं तसंच. डॉक्टरांचं तसंच. शेवटच्या पानावर वरती लिहिलं होतं, घरचं मशीन. खाली काही नाही.

मला राग आला. गेलेल्या माणसावर रागावू नये, पण आला. जे स्वतःच्या मशीनवर करायला घाबरत होते, ते आमच्या मशीनवर करत होते? माझ्या क्लासचा सगळा रेकॉर्ड होता त्यात. मग आम्ही काय, हात बसवायला होतो? मोटवानीशेठना फोन लावला. काकांना ते साईं म्हणायचे. ते म्हणाले, "साईं ने खुद का क्यों नहीं किया, मॅडम? मेरे यहाँ तो तीन-तीन घंटे हिलते नहीं थे." त्यांनाही कळेना.

शेवटी मी वही काकूंपुढे ठेवली आणि सरळ विचारलं. काकूंनी पानावरून हात फिरवला. म्हणाल्या, "मीपण विचारलेलं. तर म्हणाले, लोकांचं मधेच बंद पडलं तर लोक मला बोलावतील. माझं बंद पडलं तर मी कोणाला बोलावू?"

मंडळी, मी होते ना.

पुलाच्या पलीकडे तर होते. दर महिन्याला त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून मी सगळं बघत होते. एकदा नुसतं म्हणायचं, ज्योती, या शुक्रवारी माझ्याकडे ये. मी आले नसते का? की त्यांना वाटलं, ही चाळीस टक्क्यांवर उठेल? की संकोच वाटला? की मीच कधी विचारलं नाही, काका, तुमचं मशीन कोण बघतं? चार वर्षांत मी हे एकदाही विचारलं नाही, एवढं मात्र खरं आहे. बाकीचं मला अजून कळलेलं नाही. आधी राग आला होता, आता लाज वाटते, आणि दोन्ही एकत्र घेऊन मी इथे उभी आहे.

त्या मशीनमध्ये काकांनी स्टोअरमधल्या नोकरीच्या आठवणी टाइप करून ठेवल्यात. काकूंना त्या वाचायच्या आहेत. जेवढं मावेल तेवढं मी फ्लॉप्यांवर उतरवून घेतलंय. येत्या शुक्रवारी साडेदहाला मी त्यांच्या घरी बसणार आहे. काकूंनी मिक्सर लावणार नाही असं कबूल केलंय. मोटवानीशेठ म्हणालेत, मैं भी आता हूँ, बाजू में बैठूँगा. मला भीती वाटते. पण काही झालंच तर हाक मारायला शेजारी माणूस असेल. ते झालं की वहीचं शेवटचं पान मी लिहीन.

आता आपण दोन मिनिटं शांत राहू. उभं राहायची रीत आहे, मला माहीत आहे. पण आज बसूनच राहू या, काका बसायचे तसे. आणि एक विनंती. दोन मिनिटं पूर्ण होईपर्यंत कोणी उठू नका.

काका, आम्ही बसलोय.