मामा निघाले आणि यंत्र चालू झाले

केर काढणारे यंत्र घेणार असाल, तर आधी आमच्या मामांची हकीकत ऐका. सोलापुरातला लांबलेला मुक्काम आटोपून ते एकदाचे जेऊरला निघाले. सुटकेचा आनंद लपवीत आम्ही निरोप दिला. त्यांनी उंबरठा ओलांडला आणि नेमून दिलेल्या वेळी यंत्र घरघरत केर काढू लागले.

मामा गर्रकन वळले. “सूनबाई, मढं उचलल्यावर झाडत्यात तसं माज्यामागं झाडताय व्हय?”

“अहो मामा, ते आपोआप चालतं!” पत्नी गयावया करू लागली.

“आपोआप? मग येळ कुनी लावली?”

मामा परत येऊन खुर्चीत बसले आणि यंत्राला वाट देण्यासाठी पाय वर घेत म्हणाले, “अपशकुन झाला की. आता आमुशा उलटल्याबिगर निघत न्हाय.”

पौर्णिमा आदल्याच दिवशी झाली होती.