फ्रंट डेस्कवरची डॉक्टरीणबाई

मी मूळची अकोल्याची, बाबा शाळेत मास्तर, आणि आमच्या घराण्यात नावापुढे डॉक्टर लागलेली मीच पहिली. काय सांगू तुम्हाला ताई, नागपूरला बीडीएस झाले तेव्हा बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांनाही. मग अकोल्यातच दातांचा दवाखाना टाकला, चांगला चालवला बरं का, लहान लेकरं तर माझ्याकडेच यायची, रडत यायची अन् हसत जायची.

लग्न झालं, यांची नोकरी इकडे अमेरिकेत, म्हणून पार्सिपनीत आलो. इथे आपली डिग्री चालत नाही, पुन्हा कॉलेज करा, मग लायसन्स. परीक्षा दिल्या, पास झाले, ॲडमिशनसुद्धा मिळाली, पण कॉलेज दुसऱ्या स्टेटमध्ये अन् पोटात आमची ईरा. हे म्हणाले, पुढच्या वर्षी जा. कुठलं पुढचं वर्ष अन् काय, बाप्पा! घरात बसून वेड लागायची पाळी आली तेव्हा एका डेंटल क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कवर लागले. फोन घ्यायचे, अपॉइंटमेंट द्यायच्या, इन्शुरन्सची भांडणं भांडायची. म्हटलं, निदान दवाखान्याचा वास तरी नाकात राहील.

परवा ईराचा दुधाचा दात काढायचा होता, मागून नवा आलेला. आमच्याच क्लिनिकमध्ये नेलं, अन् खुर्चीवर बसल्याबरोबर तिने असं भोकाड पसरलं म्हणता! मला राहवेना. आत गेले, सवयीने ग्लव्हज चढवले, म्हटलं, रडू नको पिल्लू, मम्मापण डॉक्टर आहे, मीच काढते. मॅनेजर हळूच म्हणाली, आई म्हणून जवळ बस, पण हात नाही लावायचा. नियमच आहे तो, तिचं काय चुकलं? पण ईरा, माझी ईरा, हुंदके देत म्हणते, नो मम्मा, यू डू द फोन्स, लेट द रिअल डॉक्टर डू इट. लेकराचंही काय चुकलं हो, तिने मला दुसरं काही करताना पाहिलंच नाही. ग्लव्हज काढून टाकले अन् तिचा पाय धरून बसले. दात निघाला. नंतर डेस्कवर आले, फोन वाजून राहिला होता, उचलला अन् अपॉइंटमेंट दिली.

घरी यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, या वर्षी अप्लाय कर, ईराला मी सांभाळतो. इतकी वर्षं हेच ऐकायला कान आसुसले होते, अन् ऐकलं तर नुसती भीती वाटली, ताई. हातातलं कसबच गेलं माझ्या. कुणाच्या लेकराच्या तोंडात आता कुठल्या भरवशावर हात घालू? नाही केलं अप्लाय. रडले, खूप रडले, अन् सोमवारी कामावर गेले.

तुमची मुलगी शिकायला येतेय म्हणालात ना, येऊ द्या. जे शिकेल तेच काम तिच्या हातून होवो, एवढंच मागते देवाजवळ. अन् आली की दात दाखवायला घेऊन या तिला, चांगल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट देईन मी.