ह्यांच्या फोनचं माप

तोंडातून शब्द निघत नसेल, तर माणसाने पाणी मागावं कसं, सांगा बरं? लकवा मारल्यापासून आमच्या ह्यांचं तसंच झालं होतं. म्हणून आमच्या लेकीनं, मीनानं, तिच्या लॅपटॉपवर एक ॲप बनवलं. चित्र दाबलं की फोन माझ्या आवाजात बोलणार. लॅपटॉपवर ते छान बोललं, ह्यांच्या जुन्या फोनवर मात्र उघडेचना.

"बाबा, नवा फोन घेऊ का तुमाले?" मीनानं विचारलं, तर ह्यांनी जुनाच छातीशी धरला. पोरगी रडकुंडीला आली.

मी शिलाई मशीनवर बसले होते. म्हटलं, "मीने, मोहर्लीच्या बाईचा ब्लाउज आपल्या मशीनवर शिवला, तरी माप त्या बाईचंच घ्या लागते ना? तुनं कोणाचं घेतलं?"

"लॅपटॉपचंच घेतलं वो आई!" तिनं कपाळावर हात मारला. "बाबाच्या फोनचा प्रोसेसर वेगळा हाय. मले काऊन नाई सुचलं?"

मग तिनं त्याच लॅपटॉपवर, पण ह्यांच्या फोनसाठी म्हणून, ॲप नव्यानं तयार केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी चहाचं चित्र तीनदा दाबलं आणि मी तीनदा चहा केला.